व्हॉल्व्ह प्रीअॅम्पचा फिल्टर कपॅसिटर पुन्हा पुन्हा का जातो?

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचा व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प (रेकॉर्डच्या सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा संच) दोन वर्षांत तीन वेळा माझ्या बेळगावच्या टेबलावर आला, आणि तिन्ही वेळा तक्रार एकच होती. रेकॉर्ड लावली की गाण्याखाली एक जाड गुणगुण ऐकू येते, ती महिन्यागणिक वाढत जाते आणि शेवटी गाणे ऐकणेच नकोसे होते. पहिल्या दोन वेळी मी फिल्टर कपॅसिटर, म्हणजे डीसी पुरवठा सपाट करणारे कपॅसिटर, बदलले, संच शांत झाला, दोन दिवस टेबलावर चालवून पाहिला आणि परत पाठवला. पहिली जोडी सात महिने टिकली, दुसरी जेमतेम पाच. तिसऱ्यांदा संच घेऊन आले तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुझ्या टेबलावर गातंय आणि माझ्या घरात आलं की घुमतंय, हे कसं काय रे?" दोषाचा खरा पत्ता त्यांच्या या प्रश्नातच होता, हे मला पुढे कळले.

घरी बसून व्हॉल्व्हच्या संचातील कपॅसिटर बदलू पाहणाऱ्या, विशेषतः आपल्या सीमाभागातील खेड्यांत राहणाऱ्या मंडळींना हाच अनुभव येत असेल, तर पुढील तपशील उपयोगी पडेल.

प्रथम संचाची रचना सांगतो. आत १२एएक्स७ जातीचे, म्हणजेच ईसीसी८३, दोन व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकात दोन ट्रायोड असतात आणि प्रत्येक ट्रायोड साधारण १ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे एकूण खप सुमारे ४ मिलिअँपिअर. ट्रान्सफॉर्मरवर २२० व्होल्ट प्राथमिक आणि २५०-०-२५० दुय्यम अशी खूण आहे. मुळात त्यात ईझेड८० हा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) व्हॉल्व्ह होता. तो मिळेनासा झाल्यावर काही वर्षांपूर्वी कोणा दुरुस्तीवाल्याने तो काढून त्याच्या जागी १एन४००७ डायोड लावले होते. त्यानंतर पहिला फिल्टर कपॅसिटर, मग १० किलोओहमचा रोधक आणि त्यापुढे दुसरा फिल्टर कपॅसिटर असा सरळ मार्ग आहे. जुन्या अॅल्युमिनियमच्या डब्यातील कपॅसिटर सुकले होते, म्हणून मी ४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचे दोन नवे कपॅसिटर बसवले. टेबलावर संच चालू असताना पहिल्या कपॅसिटरवर ३६४ व्होल्ट मोजले होते, तेव्हा ४०० पुरेसे आहेत, असे मी धरून चाललो. चूक झाली ती इथे.

गुणगुण फिल्टरची आहे की आणखी कशाची, हे कपॅसिटरला हात लावण्याआधी ठरवावे. दोन्ही बाजूंनी रेक्टिफाय करणाऱ्या संचात फिल्टरचा दोष १०० हर्ट्झवर येतो आणि त्याच्या पटीतले सूरही त्यात मिसळलेले असतात, म्हणून आवाज खरखरीत, भुंग्यासारखा लागतो. हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या) तारांमधून किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेली गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे अधिक खोल आणि गोल असते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: फिल्टरची सुरुवातीची गुणगुण तंबोऱ्याच्या नादात बेमालूम लपते. गुरुजींकडे कुमार गंधर्वांच्या रेकॉर्डी पुष्कळ आहेत आणि सुळेभावीत जन्मलेला हा गवई आपल्याच जिल्ह्याचा, याचा त्यांना फार अभिमान आहे. दोष पहिल्यांदा जाणवला तो गाणे चालू असताना नव्हे, तर रेकॉर्ड संपून सुई रिकाम्या खाचेत फिरत असताना. म्हणून परीक्षा नेहमी शांततेत घ्यावी. टर्नटेबल बंद ठेवावे, आवाजाचे बटण पूर्ण खाली आणावे आणि कान स्पीकरजवळ न्यावा. बटण खाली असतानाही गुणगुण कायम राहिली, तर ती बटणापुढच्या टप्प्यातून किंवा वीजपुरवठ्यातून येत आहे.

काढलेल्या कपॅसिटरपैकी एकाचे डोके किंचित फुगले होते आणि तळाच्या रबराभोवती तपकिरी, चिकट कडे उमटले होते. दुसरा बाहेरून नवा कोरा दिसत होता. मीटरवर मात्र दोन्ही ४७ ऐवजी सुमारे ६ मायक्रोफॅरड दाखवत होते. याचा परिणाम किती मोठा होतो, ते ढोबळ हिशेबाने पाहू. ४ मिलिअँपिअर खपाला ४७ मायक्रोफॅरडचा पहिला कपॅसिटर सुमारे ०.८५ व्होल्टचा तरंग (डीसीवर उरलेला चढउतार) शिल्लक ठेवतो. १०० हर्ट्झला ४७ मायक्रोफॅरडचा अवरोध ३४ ओहम असल्यामुळे १० किलोओहम आणि दुसरा कपॅसिटर मिळून तो तरंग जवळजवळ ३०० पटींनी कमी करतात आणि पुढे ३ मिलिव्होल्टच्या आसपास उरतो. दोन्ही कपॅसिटर ६ मायक्रोफॅरडवर आले की पहिल्यावरचा तरंग ६.७ व्होल्ट होतो, दुसरा टप्पा त्याला फक्त ३८ पटींनी कमी करतो आणि पुढे सुमारे १७५ मिलिव्होल्ट जातात. म्हणजे गुणगुण साठ पट वाढली. दोन्ही कपॅसिटर एकाच वेळी खालावतात, त्यामुळे दोष हळूहळू येत असला तरी शेवटच्या काही आठवड्यांत तो एकदम अंगावर येतो.

दुसऱ्या वेळी मी मालाला दोष दिला आणि वेगळ्या कंपनीचे कपॅसिटर आणले. तिसऱ्या वेळी उष्णतेचा संशय घेतला. अशा इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेल्या) कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, म्हणून ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर घेतले आणि ते व्हॉल्व्हपासून दूर बसवले. हे योग्यच होते, पण तेवढ्याने प्रश्न सुटणार नव्हता. त्या खेपेला मी संच बसने न पाठवता स्वतः मीटर घेऊन निपाणीला गेलो आणि रात्री गुरुजींकडेच मुक्काम केला.

तिथे जे पाहिले ते आकड्यांतच सांगतो. दुपारी शेतातील पंप चालू असताना घरच्या प्लगवर २०४ व्होल्ट होते. संध्याकाळी सातला २२८. ऊस आणि तंबाखूच्या पट्ट्यातील त्या लाइनवर रात्री पंपांचा भार उतरला आणि साडेदहाला मीटर २५६ वर स्थिर झाला. गुरुजी गाणी ऐकायला बसतात ते जेवणे उरकून, म्हणजे नेमके याच वेळी. माझ्या टेबलावर दिवसा २२२ व्होल्ट असतात आणि मी संच कायम दिवसा तपासत आलो होतो.

२५६ व्होल्टला ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक अर्ध्या वेटोळ्यातून ३०४ व्होल्ट एसी निघत होते. खुणेवरचे २५० हे २२० व्होल्ट प्राथमिक आणि पूर्ण भार धरून दिलेले असतात. इथे प्राथमिक व्होल्टेज जास्त आणि भार नाममात्र. ३०४ ला १.४१४ ने गुणले की ४३० येतात आणि डायोडचा एक व्होल्ट वजा जाता ४२९ उरतात. मीटरनेही तेच दाखवले. व्हॉल्व्ह तापल्यावर ते ४२१ वर उतरले, त्याखाली नाही. ४०० व्होल्टचा कपॅसिटर रोज रात्री दोन-अडीच तास ४२१ व्होल्टवर बसत होता. अशा स्थितीत तो लगेच फुटत नाही. आतील ऑक्साइडच्या थरातून गळती वाढते, त्या गळतीने तो तापतो, तापल्याने द्रव सुकतो आणि काही महिन्यांत त्याची क्षमता संपते. सात आणि पाच महिन्यांचा हिशेब तिथे लागला.

इथे डायोडचा भाग समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. मूळ ईझेड८० स्वतः तापायला वेळ घेत असे, त्यामुळे उच्च व्होल्टेज हळूहळू चढे आणि तोवर बाकीचे व्हॉल्व्हही विजेचा खप सुरू करत. डायोड मात्र बटण दाबताक्षणी पूर्ण व्होल्टेज देतो, आणि पुढची दहा-पंधरा सेकंदे व्हॉल्व्ह थंड असल्यामुळे त्या व्होल्टेजला खेचणारे कोणीच नसते. या क्षणी १० किलोओहमच्या रोधकातून प्रवाह वाहत नाही, म्हणून त्याच्यावर एक व्होल्टही पडत नाही आणि दुसऱ्या कपॅसिटरलाही तेच ४२९ व्होल्ट सोसावे लागतात. चालू संचात तिथे ३८० मोजले म्हणून कमी व्होल्टचा कपॅसिटर लावणे हा सर्रास होणारा घोटाळा आहे. पहिल्या कपॅसिटरआधी रोधक टाकून व्होल्टेज कमी करू, असा सल्लाही पुष्कळ जण देतात. थंड संचात त्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण प्रवाहाशिवाय रोधक व्होल्टेज पाडत नाही. हीच गोष्ट कपलिंग कपॅसिटरची, म्हणजे एका टप्प्यातले गाणे पुढच्याला देताना डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरची. व्हॉल्व्ह थंड असताना त्याच्या प्लेटवर (आउटपुट टोकावर) पूर्ण व्होल्टेज येते, म्हणून तिथे ४०० व्होल्टचा नव्हे, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर हवा. कपॅसिटर निवडताना थंड संच, बिनभार पुरवठा आणि आपल्या घरातील रात्रीचे सर्वांत जास्त व्होल्टेज हे तीनही एकत्र धरावेत.

आता दुरुस्ती. त्याआधी सुरक्षेविषयी दोन गोष्टी, आणि त्या वाचल्याशिवाय झाकण काढू नये. ४३० व्होल्ट डीसी माणसाचा जीव घेऊ शकतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ साठून राहतात. बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग बोर्डातून काढून डोळ्यांसमोर ठेवावा. मग १० किलोओहम, १० वॅटच्या रोधकाला दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या क्लिपा जोडून तो पहिल्या कपॅसिटरवर दहा सेकंद धरावा, नंतर दुसऱ्यावर धरावा आणि दोन्ही ठिकाणी मीटरने शून्य वाचल्यावरच हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करण्याची सवय जुन्या कारागिरांत दिसते, ती कृपया उचलू नये. चालू संचात मोजताना मीटरची काळी क्लिप आधी चेसिसला लावून ठेवावी आणि एकच हात वापरावा. ज्यांनी यापूर्वी उच्च व्होल्टेजवर काम केलेले नाही, त्यांनी जाणकार माणूस शेजारी बसवून घ्यावा.

आपल्याकडच्या दुकानांत मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टचा माल सहज मिळतो, कारण टीव्ही आणि चार्जर यांसारख्या उपकरणांत थेट २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन ३२५ व्होल्ट तयार होतात आणि त्यांना ४०० पुरतात. ५०० व्होल्टचे हवे असतील तर बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोध घ्यावा लागतो. मी त्या वाटेला न जाता १०० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकामागे एक सिरीजमध्ये जोडले. त्यांची क्षमता ५० मायक्रोफॅरड आणि सहनशक्ती ८०० व्होल्ट होते. दोघांची गळती सारखी नसते, त्यामुळे व्होल्टेजची वाटणी असमान होण्याचा धोका राहतो. म्हणून प्रत्येकावर २२० किलोओहम, १ वॅटचा रोधक समांतर लावला. हेच रोधक संच बंद केल्यावर साठलेली वीजही उतरवतात. साधारण दोन मिनिटांत व्होल्टेज नगण्य होते. तरीही हात घालण्याआधी मीटर लावण्याचा नियम सोडू नये, कारण रोधकाचा सांधा सुटलेला असू शकतो. दुसऱ्या कपॅसिटरच्या जागीही अशीच जोडी बसवली. जोडीतील वरच्या कपॅसिटरचे खालचे टोक चेसिसपासून निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे २१५ व्होल्टच्या आसपास असते; त्याचे धातूचे कवच चेसिसला टेकू देऊ नये, यासाठी मी दोन्हींवर फायबर स्लीव्ह चढवली.

जुना डबा चेसिसवर शोभेसाठी तसाच ठेवायला हरकत नाही, परंतु त्याच्या सर्व तारा सोडवल्या पाहिजेत. नवा कपॅसिटर जुन्याला समांतर टाकला, तर जुन्याची गळती चालूच राहते आणि कधीतरी तोच शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जाळतो.

ऋण टोक कुठे जोडायचे, यात माझ्या हातून दुसऱ्या दुरुस्तीत एक चूक झाली होती, ती मोकळेपणाने सांगतो. सोयीचे म्हणून मी पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक इनपुटच्या सॉकेटजवळील चेसिसच्या खिळ्याला जोडले. कपॅसिटर नवे असूनही १०० हर्ट्झची बारीक भुणभुण राहिली. पहिला कपॅसिटर प्रत्येक अर्ध्या चक्रात मोठ्या झटक्याने भरतो आणि तो झटका ज्या वाटेने परत जातो, त्या वाटेवर इनपुटचे ग्राउंड असेल तर तो सरळ गाण्यात मिसळतो. पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक आणि ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप (२५०-०-२५० मधले ०) आधी एकमेकांना जोडावेत आणि त्या बिंदूपासून एकच तार पुढे न्यावी. एवढे केल्यावर भुणभुण गेली.

पहिल्यांदा चालू करताना ४० वॅटचा सिरीज बल्ब लावला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, याचा अर्थ शॉर्ट नाही. मग बल्ब काढून प्रत्येक जोडीवरील वाटणी मोजली. जोडीतील एका कपॅसिटरवर २१६, दुसऱ्यावर २१२. नवे कपॅसिटर दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले असतील, तर त्यांचा आतील थर पातळ झालेला असतो, अशा वेळी १०० किलोओहममधून सावकाश भरून घेतलेले बरे.

कपॅसिटर वाचले, पण आणखी एक गोष्ट मीटरने दाखवली आणि ती मला अधिक चिंतेची वाटली. रात्रीच्या २५६ व्होल्टला हीटरवर ७.४ व्होल्ट येत होते. १२एएक्स७ ला त्या जोडणीत ६.३ हवेत आणि १० टक्क्यांपलीकडे, म्हणजे ६.९ च्या वर जाऊ देऊ नये. ईझेड८० चा ०.६ अँपिअरचा भार निघून गेल्यानेही हे व्होल्टेज वाढले होते. चांगले जुने व्हॉल्व्ह आता सहज मिळत नाहीत. कपॅसिटरसाठी शंभर रुपये खर्च करून व्हॉल्व्ह असे जाळणे योग्य नाही. प्राथमिक बाजूला २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून व्होल्टेज कमी करता येते, परंतु दुपारच्या २०४ व्होल्टला तोच उपाय हीटर उपाशी ठेवेल. म्हणून गुरुजींना २३० व्होल्ट देणारा लहान सर्वो स्टॅबिलायझर घ्यायला लावला. त्यावर पहिल्या कपॅसिटरचे थंड व्होल्टेज ३८५ आणि हीटरचे ६.६५ झाले.

गुरुजींच्या पुतण्याने याच काळात महागडे १ मायक्रोफॅरडचे पॉलिप्रॉपिलीन कपलिंग कपॅसिटर आणून दिले होते आणि ते बसवावेत, असा आग्रह धरला होता. मूळचे ०.१ मायक्रोफॅरडचे मेणकागदी कपॅसिटर बदलणे आवश्यकच होते. त्यांचे पुढचे टोक सोडवून १० मेगओहमच्या मीटरने डीसी मोजले, तेव्हा एकावर ५ व्होल्ट आले. तो कपॅसिटर अर्धा मायक्रोअँपिअर गळत होता आणि पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या (इनपुट टोकाच्या) ४७० किलोओहमवर त्याचे सुमारे ०.२३ व्होल्ट होत होते. ज्या व्हॉल्व्हचे बायस (ग्रिडचे ठरलेले ऋण व्होल्टेज) दीड व्होल्टच्या आत आहे, त्याला हे खूप झाले. पावसाळ्यात आवाजाचे बटण फिरवताना येणारी खरखरही याच गळतीची होती. परंतु क्षमता दहा पट करण्याला माझा विरोध होता. ०.१ मायक्रोफॅरड आणि ४७० किलोओहम मिळून ३.४ हर्ट्झपर्यंत खाली पोचतात, ऐकण्यासाठी ते भरपूर आहे. १ मायक्रोफॅरडने ही सीमा ०.३४ हर्ट्झवर जाते. वाकलेली रेकॉर्ड ३३⅓ फेऱ्यांना सेकंदाला ०.५६ वेळा वर-खाली होते आणि ती हालचाल मग जवळजवळ पूर्ण जोराने पुढच्या अॅम्प्लिफायरला मिळते. पुतण्याच्या समाधानासाठी एका बाजूला त्याचे १ मायक्रोफॅरडचे आणि दुसऱ्या बाजूला साधे ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे कपॅसिटर लावून उन्हाने थोडी वाकलेली रेकॉर्ड फिरवली. त्याच्या बाजूच्या वूफरचा कागद दर फेरीला बोटभर पुढे-मागे डोलत होता. दुसऱ्या बाजूचा स्थिर होता. दोन्ही बाजूंना ०.१ चेच ठेवले.

गुरुजी आता स्टॅबिलायझरचा इनपुट आकडा रोज रात्री गाणे लावण्याआधी वहीत टिपून ठेवतात. सर्वांत मोठी नोंद २५९ ची आहे. पंधरा महिन्यांनी मी झाकण उघडून चारही कपॅसिटर सोडवून मोजले. सर्वांत कमी भरला तो ९७ मायक्रोफॅरडचा होता.